दहामागे पाच : मूल पैसा कधी ओळखतं?

लहान मूल ‘समजदार’ झालं, हे कशावरून ओळखायचं? कुणी म्हणेल, शाळेत जायला लागलं की. कुणी म्हणेल, मिसरूड फुटलं की. आपला कायदा म्हणतो, १८ वर्षं पूर्ण झाली की. दीडशे वर्षांपूर्वी इस्तंबूलमधल्या मुस्लिम कायदेपंडितांनी या प्रश्नाचं फार वेगळं आणि नेमकं उत्तर कायद्याच्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे.

१८६९ ते १८७६ या काळात उस्मानी सल्तनतीने ‘मजल्ला’ नावाची दिवाणी कायद्याची संहिता तयार केली. अहमद जेवदेत पाशा हे त्या काळातले मोठे विद्वान आणि इतिहासकार समितीचे प्रमुख होते. काझींच्या ग्रंथांत विखुरलेली हनफी फिक्ह त्यांनी १,८५१ कलमांत बांधली. त्यातलं ९४३ वं कलम लहान मुलांबद्दल आहे. अजाण मूल कोणतं, असा प्रश्न घेऊन ते कलम सांगतं की ज्याला खरेदी-विक्री समजत नाही, ते अजाण. विकलं की वस्तूवरची मालकी जाते आणि विकत घेतलं की मालकी येते, हे ज्याला उमगत नाही. आणि दहामागे पाचाची उघड लूट कोणती व किरकोळ चढा भाव कोणता, यातला फरक ज्याला करता येत नाही, ते मूल अजून अजाण आहे. ज्याला हे कळतं, ते जाण आलेलं मूल. फिक्हच्या भाषेत ‘मुमय्यिज’, म्हणजे फरक ओळखणारं.

या व्याख्येत वयाचा आकडा नाही. पाठांतराचा, अक्षरओळखीचा उल्लेख नाही. मुलाची अक्कल मोजायला पंडितांनी बाजाराचा तराजू घेतला आहे. समजुतीची परीक्षाही बेरीज-वजाबाकीवर थांबत नाही. दहाच्या मालात पाचाने गंडवलं जात असताना मुलाच्या लक्षात येतं का, हे त्यांना पाहायचं आहे.

लहान मुलांना पैसा कसा शिकवावा, यावर आज पुस्तकं निघतात, शिबिरं भरतात. हा विषय आधुनिक आहे आणि बाहेरून आला आहे, असा आपला समज असतो. मुस्लिम परंपरेत तर त्यावर हजार वर्षांहून जास्त काळ वाद चालू आहेत, आणि ते वाद सुरू झाले यतीम मुलांच्या मालमत्तेपासून.

यतीमांचा माल

इ.स. ६२५ मध्ये उहुदच्या लढाईत सत्तरच्या आसपास मुसलमान कामी आले. मदिनेसारख्या छोट्या वस्तीत एकाच दिवसात कितीतरी घरांतला कर्ता पुरुष गेला. मागे बायका आणि मुलं राहिली. कुणाची खजुराची झाडं, कुणाची उंटं, कुणाचं थोडंफार चांदीचं नाणं. ते सांभाळायला काका, मामा, चुलत भाऊ पुढे आले. सांभाळणारा आणि खाणारा हात पुष्कळदा एकच असतो, हे त्या समाजालाही ठाऊक होतं. कुरआनच्या ‘अन्-निसा’ या चौथ्या सूरहच्या सुरुवातीच्या आयती याच परिस्थितीशी बोलतात, असं भाष्यकार मानत आले आहेत.

त्यातली सहावी आयत आपल्या विषयाचं मूळ आहे. तिचा आशय असा : यतीम मुलं लग्नाच्या वयाला पोहोचेपर्यंत त्यांची परीक्षा घेत राहा. त्यांच्यात शहाणपण आलेलं दिसलं की त्यांचा माल त्यांच्या हवाली करा. ती मोठी होऊन मागतील या भीतीने घाईघाईने त्यांचा माल उडवू नका. पालक सुखवस्तू असेल तर त्याने त्यातून काही घेऊ नये, गरीब असेल तर रीतीप्रमाणे बेताने घ्यावं. आणि हवाली करताना साक्षीदार ठेवा.

यात दोन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत. पहिली, वय वाढणं आणि शहाणपण येणं या दोन वेगळ्या अटी आहेत. या शहाणपणाला फिक्हमध्ये ‘रुश्द’ म्हणतात. दुसरी, परीक्षा घेत राहायचं आहे, म्हणजे ती एका दिवसाची नाही. माल हाती देण्याआधी मुलाला वापरून, चुकून शिकण्याची संधी द्यायची आहे. हे काम पालकाचं कर्तव्य म्हणून सांगितलं आहे, त्याच्या मर्जीवर सोडलेलं नाही.

पैगंबर (स.) स्वतः यतीम होते. लहानपणी मक्केच्या लोकांच्या शेळ्या-मेंढ्या त्यांनी मजुरीवर चारल्याचं हदीसमध्ये येतं, आणि चुलते अबू तालिब यांच्यासोबत ते व्यापारी काफिल्यातून शामकडे गेल्याचं चरित्रकार सांगतात. पहिला पैसा कष्टातून आणि पहिला बाजार मोठ्यांच्या बोटाला धरून, अशी ही शिकवण होती.

कूफ्याचा कापडवाला आणि शाफईंची घासाघीस

आयत आली, पण परीक्षा घ्यायची कशी? इथून फकीहांचे वाद सुरू झाले.

इमाम अबू हनीफा (मृत्यू इ.स. ७६७) हे कूफा शहरातले रेशमी कापडाचे व्यापारी होते. दुकानात मूल कसं शिकतं, हे त्यांनी रोज पाहिलं असणार. हनफी मत असं घडलं की जाण आलेल्या मुलाला पालकाने परवानगी दिली, तर त्याने केलेला व्यवहार खरा व्यवहार ठरतो. त्याला थोडं भांडवल द्या, विकू द्या, घेऊ द्या. जमलं तर पुढचं द्या. तोटा झाला तर तोही थोडक्यात होईल आणि तुमच्या डोळ्यांदेखत होईल.

इमाम शाफई यांच्या अनुयायांना हे पटलं नाही. वयात न आलेल्या मुलाचा सौदा त्यांच्या मते सौदाच नाही. मग परीक्षा? त्यांनी तोड काढली : मुलाला बाजारात न्या, त्याला भाव विचारू द्या, घासाघीस करू द्या. सौदा पक्का करायची वेळ आली की पालकाने पुढे होऊन तो स्वतःच्या नावाने करावा. बोलणी मुलाची, जबाबदारी मोठ्याची.

कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई आणि घाटावरचे बहुतेक हनफी, त्यामुळे हा वाद आपल्या घरातलाच आहे. रत्नागिरीच्या मासळीबाजारात पोराला पुढे करून मागे उभा राहणारा बाप आणि औरंगाबादच्या दुकानात तासभर गल्ला पोराच्या हाती देऊन चहाला जाणारा बाप, दोघांनाही आपापल्या मजहबात आधार सापडेल. दोघांत समान काय, तर मूल बाजाराबाहेर ठेवून शहाणं होईल, असं कुणालाच वाटत नव्हतं.

तेराव्या शतकातले सीरियाचे शाफई पंडित इमाम नववी आणखी तपशिलात जातात. ‘मिनहाज’ या ग्रंथात ते सांगतात, परीक्षा ज्याच्या त्याच्या घरच्या धंद्याप्रमाणे घ्यावी. व्यापाऱ्याच्या मुलाची खरेदी-विक्रीत आणि भाव करण्यात, शेतकऱ्याच्या मुलाची शेतीत आणि मजुरांवर खर्च करण्यात, कारागिराच्या मुलाची त्याच्या हुन्नरात. मुलींची परीक्षा मात्र सूतकताईत आणि घरातलं अन्न मांजरापासून सांभाळण्यात. मांजराचा उल्लेख वाचून हसू येतं. त्या काळच्या पुरुषांनी मुलीचं जग घरापुरतं आखलं होतं, हे खरंच. पण दोन गोष्टी विसरता येणार नाहीत. सूतकताई हा तेव्हा कमाईचा धंदा होता. आणि मुलीचीही परीक्षा घ्यायची आहे, कारण तिचाही माल आहे आणि तो तिच्या हवाली करायचा आहे, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

फिक्हने मुलाच्या व्यवहारांची तीन भागांत वाटणीही केली. मुलाच्या निव्वळ फायद्याचं काही असेल, समजा कुणी भेट दिली, तर ते स्वीकारायला जाण आलेल्या मुलाला पालकाच्या परवानगीचीही गरज नाही. फायदा-तोटा दोन्ही शक्य असतील, जसं खरेदी-विक्रीत, तर पालकाची परवानगी हवी. आणि निव्वळ नुकसानीचं असेल, म्हणजे मुलाने आपला माल कुणाला फुकट देऊन टाकला, तर पालकाने परवानगी दिली तरी ते चालणार नाही. पालकाच्या अधिकारालाही इथे कुंपण आहे. मुलाचा माल मुलाच्या हातून दुसऱ्याला वाटून टाकण्याचा हक्क बापालाही नाही.

अठराची रेघ

इंग्रजी अमलात आपल्याकडे ही पायऱ्यांची रचना मागे पडली. १८७२ चा करार कायदा आणि १८७५ चा सज्ञानतेचा कायदा यांनी १८ वर्षांची एकच रेघ आखली. रेघेच्या अलीकडे मूल, पलीकडे सज्ञान. लग्न, मेहर, तलाक असे विषय त्या कायद्याने बाजूला ठेवले, पण मालमत्तेच्या कराराला सर्वांना ही रेघ लागू झाली.

तिचा अर्थ पक्का केला तो कलकत्त्याच्या एका खटल्याने. धरमोदास घोष या अज्ञान तरुणाने २०,००० रुपयांच्या कर्जासाठी आपली घरं ब्रह्मो दत्त या सावकाराकडे गहाण टाकली होती. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. १९०३ मध्ये निकाल लागला : अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल. ‘मोहरी बीबी’ खटला म्हणून वकिलीचा प्रत्येक विद्यार्थी आजही तो शिकतो. सावकारांच्या तावडीतून मुलं वाचवण्यासाठी हा निकाल मोलाचा होता.

पण रेघ कायद्यातून आपल्या मनात उतरली. सतराव्या वर्षापर्यंत ‘तुला काय कळतंय’ आणि अठराव्या वाढदिवसाला ‘आता मोठा झालास, सांभाळ’, अशी आपली रीत झाली. मधली पायरी गेली. ती परत आली ती बँकेच्या दारातून. २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने १० वर्षांवरच्या मुलांना स्वतःच्या सहीने बचत खातं उघडायला आणि चालवायला मुभा दिली. मर्यादा बँकेने घालायची, व्यवहार मुलाने करायचा. हनफी पंडितांना यात नवं काही वाटलं नसतं.

ग्लासगोचं दुकान, हरारेची टोपली

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मानसशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न मुलांनाच विचारायला सुरुवात केली. इटलीत अॅना एमिलिया बेर्ती आणि अॅना सिल्व्हिया बोंबी यांनी लहानग्यांशी गप्पा मारून पाहिलं की त्यांच्या डोक्यात पैसा कसा उलगडत जातो. अगदी लहान मुलाला वाटतं, कुठलंही नाणं दिलं की कुठलीही वस्तू मिळते. नाणं देणं हा जणू सलाम करण्यासारखा रिवाज. दुकानदार सुटे परत देतो, तेव्हा लहान मुलाला वाटतं की दुकानातून पैसे मिळतात. नाण्या-नाण्यात लहान-मोठं असतं, वस्तूला भाव असतो आणि दोन्हींचा मेळ बसावा लागतो, हे एकेक पायरीने कळत जातं.

सर्वांत अवघड पायरी नफ्याची. गुस्ताव याहोडा या संशोधकाने १९७९ मध्ये ग्लासगो शहरातल्या मुलांसोबत दुकानाचा खेळ मांडला. दुकानदार माल कितीला आणतो आणि कितीला विकतो? दहा वर्षांच्या आसपासच्याही कितीतरी मुलांना वाटत होतं की जितक्याला आणतो तितक्यालाच विकतो. मग दुकानदार जेवतो कशावर, नोकराला पगार कुठून देतो, हा प्रश्न त्यांना पडत नव्हता.

त्याच याहोडाने पुढे झिम्बाब्वेच्या हरारे शहरात तसाच अभ्यास केला आणि १९८३ मध्ये निष्कर्ष छापले. तिथली नऊ वर्षांची मुलंसुद्धा नफ्याचं गणित सहज सांगत होती. श्रीमंत देशातल्या मुलांपेक्षा ती पुढे होती. कारण साधं होतं : घरातली बाई किंवा शेजारीण रस्त्यावर टोपली घेऊन बसते, मुलं तिच्यासोबत बसतात, कधी स्वतः विकतात. माल आणलेला भाव आणि विकलेला भाव यांच्यातल्या फरकावर रात्रीची चूल पेटते, हे त्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

‘मजल्ला’ने बाजाराची जाण हीच मुलाची जाण मानली होती, आणि नववींनी घरच्या धंद्यातून परीक्षा सांगितली होती. हरारेच्या मुलांनी त्या म्हणण्याला दुजोरा दिला.

पावकी, निमकी आणि नवा पैसा

आपल्याकडच्या जुन्या शाळेला हे ठाऊक होतं. शेरशाह सूरीने १५४० नंतरच्या पाच वर्षांत चांदीचा रुपया चालवला, तो घराण्यांमागून घराणी गेली तरी टिकला. इंग्रजी अमलात त्याचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै झाले. शेराचे छटाकही १६. मणाचे शेर ४०. या जगात दशमानाची बेरीज कामाची नव्हती. कामाचे होते पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन.

म्हणून मराठी मुलुखातला पंतोजी धूळपाटीवर आकडे गिरवून घ्यायचा आणि तिसापर्यंतच्या पाढ्यांनंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकून घ्यायचा. औट म्हणजे साडेतीन. सहा आणे शेराचा गूळ साडेतीन शेर घेतला, तर औटकी पाठ असलेलं पोर क्षणात सांगायचं : एकवीस आणे, म्हणजे एक रुपया पाच आणे. कागद नाही, पेन नाही. वाण्याने एक आणा जास्त लावला तर ते तिथेच लक्षात यायचं. मुलाला गंडवता येऊ नये, हाच त्या घोकंपट्टीचा उपयोग.

त्या हिशेबाची भाषा कुणाची होती? हिशेब, जमा, खर्च, बाकी, वसूल, नफा, किंमत, कर्ज, रक्कम, दुकान, बाजार, तराजू. यातले एकूण एक शब्द अरबी-फारसीतून आलेले. बहामनी, निजामशाही, आदिलशाही दफ्तरांतून ते मराठीत आले आणि इतके मुरले की कुणाही मराठी मुलाला पैसा समजावून सांगताना ते टाळता येत नाहीत. आपण या भाषेत उपरे आहोत का, असं कुणी विचारलं, तर त्याला दुकानदाराचं बिल वाचून दाखवावं.

ही शाळा सर्वांची मात्र नव्हती. मुलींना आणि दलित-कष्टकरी जातींच्या मुलांना तिची दारं बहुतेक बंदच होती. ज्याला औटकी येत नाही त्याला वाणी आणि सावकार वाटेल तसा लुबाडणार, हे उघड होतं. हिशेब न येणं हा फक्त अडाणीपणा नव्हता, ती गुलामीची एक कडी होती.

१ एप्रिल १९५७ रोजी भारताने दशमान नाणी आणली. रुपयाचे १०० नवे पैसे झाले. चार आण्यांचे २५ आणि आठ आण्यांचे ५० बरोबर बसले. पण एका आण्याचे होतात सव्वासहा. सरकारी कोष्टकाने ठरवलं : एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे म्हणजे १२, तीन आणे म्हणजे १९. त्यामुळे आण्याची गोळी तीनदा वेगवेगळी घेतली तर १८ पैसे आणि तिन्ही एकदम घेतल्या तर १९. हा गोंधळ मोठ्यांना त्रासाचा होता, पण पोरासोरांना त्यात फायदा दिसला असेल तर नवल नाही. १ जून १९६४ पासून ‘नवा’ शब्द गेला आणि नुसता पैसा उरला.

दशमान पद्धत सोपी आहे आणि ती आली हे चांगलंच झालं. मात्र तिच्यासोबत शाळेचं गणित आणि बाजाराचं गणित यांची फारकत झाली. पावकी-निमकी गेली, तिच्या जागी बाजाराशी जोडणारं काही आलं नाही. पुढे नाणीही गेली. २०११ च्या जूनअखेर २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून बाद झाली. आता मुलं ज्या पैशांची बेरीज करतात ते त्यांनी कधी हातात धरलेले नसतात. भाषेत सोळा आणे, पै न पै, कवडीमोल हे शब्द राहिले, त्यांच्या मागची नाणी मात्र नातवंडांना दाखवायला आजीच्या डब्यातही उरली नाहीत.

नारळवाला मुलगा

ही फारकत किती खोल जाते, हे ब्राझीलच्या रेसिफे शहरातल्या एका अभ्यासातून कळतं. १९८५ मध्ये तेरेझिन्या नुनेस कॅराहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांना आधी गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले. ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. मग तीच गणितं कागदावर आकड्यांत मांडून दिली, तर ३७ टक्केच बरोबर आली. एक बारा वर्षांचा मुलगा नारळ विकत होता. एक नारळ ३५ ला, चार नारळांचे किती? तीन नारळांच्या १०५ मध्ये एकाचे ३५ मिळवत त्याने तोंडी १४० सांगितले. कागदावर ३५ गुणिले ४ दिलं, तर शाळेची हातच्याची रीत वापरायला गेला आणि उत्तर लिहिलं २००. बाजारात त्याने कुणाला चार नारळांचे २०० सांगितले नसते. कागदावर मात्र आपलं उत्तर अशक्य आहे, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

आपल्याकडे कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. तिथेही तेच दिसलं. भाजीच्या गाड्यावर गुंतागुंतीचा हिशेब तोंडी करणारी मुलं शाळेच्या पद्धतीच्या साध्या गणितात अडली. उलट, बाजारात काम न करणारी शाळकरी मुलं पाटीवरच्या गणितात बरी निघाली आणि बाजारातल्या हिशेबात मागे पडली.

हा प्रश्न मुस्लिम समाजाला दुप्पट लागतो. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवलं की मुसलमान कामकरी नोकरीत कमी आणि स्वयंरोजगारात, फेरीवाल्यांत, छोट्या दुकानांत जास्त आहेत. त्याच अहवालाने असंही नोंदवलं की ६ ते १४ वयोगटातल्या २५ टक्के मुस्लिम मुलांनी एकतर शाळेचं तोंड पाहिलं नाही किंवा ती सोडली. हातगाडी, फळांचं दुकान, गॅरेज, भंगार, शिलाई या घरांतली मुलं ‘मजल्ला’च्या परीक्षेत पहिल्या नंबराने पास होतील, आणि आठवीत गणितात नापास होऊन शाळा सोडतील. त्यांना डोकं नाही म्हणून नव्हे. त्यांच्या डोक्यात जे आहे, ते वर्गात कुणी विचारत नाही म्हणून.

यावरून मुलांना धंद्याला लावा, असा अर्थ कुणी काढू नये. फकीहांनी मुलाच्या हाती भांडवल दिलं ते मुलाच्या भल्यासाठी, त्याच्या माथी घरखर्च टाकण्यासाठी नव्हे. गल्ल्यावर तासभर बसवणं ही परीक्षा आहे. पोराला शाळेतून काढून गॅरेजमध्ये दिवसभर राबवणं ही लूट आहे, आणि ती दहामागे पाचाहून मोठी आहे. मुलाने बाजार शिकावा आणि शाळाही पुरी करावी. शिक्षकाने ‘तुझ्या गाड्यावर सफरचंद काय भाव?’ इथून अपूर्णांक सुरू करावेत. शंभर-दोनशे वर्षांपूर्वी पंतोजीला जमत होतं, ते आज बी.एड. झालेल्यांना अवघड नसावं.

आपल्या घरात

आता घरात येऊ. आजचं मूल नाणंही पाहत नाही आणि नोटही. अब्बा मोबाइल समोर धरतात, यंत्र बोलतं, पिशवी हातात येते. इटलीतल्या त्या लहान मुलाला नाणं देणं हा नुसता रिवाज वाटायचा. आमच्या दहा वर्षांच्या मुलांनाही तसंच वाटू लागलं तर दोष त्यांचा नाही. हातातून काही जात आहे हे दिसलंच नाही, तर विकत घेताना काय गमावलं हे कळणार कसं? म्हणून महिन्याचं किराणा सामान आणताना मुलाच्या हाती नोटा आणि यादी द्या, भाव विचारू द्या. शाफई असाल तर शेवटी पैसे तुम्ही द्या.

ईदी हा आपल्याकडचा तयार धडा आहे. ईदच्या दिवशी मुलांच्या हातात स्वतःचा पैसा येतो आणि संध्याकाळपर्यंत अम्मी ‘मी ठेवते’ म्हणून घेते. ते पैसे पुढे गॅस सिलेंडरला जातात. घरात अडचण असेल तर गोष्ट वेगळी. पण फिक्हच्या हिशेबाने भेट मुलाची झाली ती मुलाचीच. ठेवून घ्या, पण वहीत मुलाच्या नावावर लिहा. उसने घेतले तर सांगून घ्या आणि परत करा. मुलाला ‘कर्ज’ हा शब्द याहून चांगला कुणी शिकवू शकणार नाही.

आणि मुलगी. आपण बोलताना अभिमानाने सांगतो की इस्लामने चौदाशे वर्षांपूर्वी बाईला वारसा दिला, मेहर दिली. मग बाप गेल्यावर किती बहिणी तो हिस्सा घेतात? तलाठ्याकडे, वकिलाकडे हक्कसोडपत्रावर त्यांच्या सह्या होतात. ‘भावाशी संबंध राहावेत’ म्हणून होतात, हे खरं. पण त्या कागदावर काय लिहिलं आहे आणि जे सोडतो आहोत त्याचा भाव काय, हे त्यातल्या कितीजणींना लहानपणी कुणी वाचायला शिकवलं? मुलाला गल्ल्यावर बसवलं, मुलीला मांजरावर लक्ष ठेवायला सांगितलं. इमाम नववींनी निदान तिचा माल तिच्या हवाली करण्यासाठी परीक्षा सांगितली होती. आपण परीक्षाही घेत नाही आणि मालही देत नाही. निव्वळ नुकसानीचा व्यवहार मुलाकडून करून घेता येत नाही, मग पालकाची संमती असो वा नसो, हा नियम ज्यांच्या फिक्हमध्ये आहे, त्यांच्या घरात वयात आलेल्या बहिणी न वाचता सही करतात. कागदोपत्री त्या सज्ञान असतात. पण आयतीने सांगितलेली दुसरी अट, रुश्द यावा म्हणून घ्यायची परीक्षा, ती त्यांच्या वाट्याला कुणी आणलीच नाही.

यतीमांचंही तेच. मोहल्ल्यात कुणी तरणा माणूस गेला की विम्याचे, नुकसानभरपाईचे पैसे येतात आणि ते सांभाळायला कुणीतरी पुढे येतं. त्या मुलांना दर वर्षी हिशेब दाखवायला हवा, आठ-नऊ वर्षांचं पोर असलं तरी. त्याला सगळं कळणार नाही. पण आपला काही माल आहे, तो कुणीतरी सांभाळतं आहे आणि सांभाळणाऱ्याला जाब देणं भाग आहे, एवढं नक्की कळेल.

ती आयत हवाली करताना साक्षीदार ठेवायला सांगते. विश्वास नाही म्हणून नव्हे, हिशेब उघडा राहावा म्हणून. मुलाला पैसा शिकवण्याचं निम्मं काम तिथेच होतं. मोठी माणसं आपापसात हिशेब उघडा ठेवतात का, हे ते पाहत असतं. घरात बहिणीचा हिस्सा मोजून, साक्षीदारांसमोर दिला गेला, तर दहामागे पाच म्हणजे काय, हे त्या घरातल्या पोराला वेगळं शिकवावं लागत नाही.